दुसऱ्या मण्यावरचे गंध

आश्विन शु. १०, विजयादशमी, गुरुवार. जानेफळ.

जो जिभेच्या टोकाशी बसून खरे तेवढेच वदवितो आणि खोट्याच्या वेळी तिला जड करतो, त्याची कृपा या पानांवर असो. वाणी त्याची, शाई आणि चुका माझ्या.

विषय आधी लिहून ठेवतो. त्रिपुरी पौर्णिमेला, महादेवाची दीपमाळ उजळण्याच्या वेळी, गावातर्फे डॉ. श्रीधरचा सत्कार व्हावयाचा आहे. श्रीधर शाळेत माझ्या हाताखाली संस्कृत शिकला. आता विद्यापीठात मोठा प्राध्यापक आहे. मानपत्र मी रचावयाचे.

मंदिर समितीचे अध्यक्ष गजाननराव सोने द्यायला आले आणि माझ्या पायांवरचा हात काढण्याआधीच बोलते झाले. "गुरुजी, मानपत्र संस्कृतातच पाह्यजे. मराठीत तं कोनीबी लिहिते. श्रीधरभाऊनं पऱ्हाटीची कळ शोधली! पानी नसलं तरी झाड उभं राहीन."

यंदा परतीच्या पावसाने बोंडे झाडावरच सडली. गाव मात्र दुष्काळात तगणाऱ्या कपाशीच्या वार्तेने हरखले आहे.

वेशीवर फलक लागला आहे. श्रीधर मोठा, गजाननराव त्याहून मोठे, कोपऱ्यात मी. माझ्या कानाला खेटून पानमसाल्याची जाहिरात. गंध लावलेले कपाळ आणि ती पुडी एका चौकटीत! किळस आली. घरी येऊन तोंड धुतले, जणू मीच ते खाल्ले होते.

नात चि. ऋचा सुटीवर आली आहे. श्रीधरच्याच प्रयोगशाळेत ती पीएच.डी. करते, मीच तिला त्याच्याकडे पाठविले. सोने दिले, नमस्कार केला. जेवताना श्रीधरचे नाव निघाले तशी ताटातली पुरणपोळी अर्धी ठेवून उठली.

आश्विन शु. १२, शनिवार.

मानपत्राचा मुख्य श्लोक जमला. पहिल्या चरणात गाव, दुसऱ्यात कुळ. तिसऱ्याचा अर्थ: ज्याने साखळीतील दुसऱ्या मण्यावरची खूण ओळखली. चौथ्यात: त्याचे यश दीपमाळेसारखे उजळो. श्रीधरच्या शोधनिबंधाचा गोषवारा समितीने दिला होता, त्यावरूनच तिसरा चरण बांधला.

गजाननराव आले. अर्थ लागेना तरी 'वा गुरुजी, वा' म्हणाले, फोनने कागदाचा फोटो काढला आणि गेले.

ऋचाला दाखविले. तिने उभ्याने वाचले.

"आबा, तिसरा चरण नका ठेवू."

"छंद चुकला?"

"छंद बरोबर आहे. बाकी चूक आहे."

आणि वाळत घातलेले कपडे काढायला निघून गेली. माझ्या श्लोकाला आजवर असे कोणी...

आश्विन शु. १५, कोजागिरी, सोमवार.

संध्याकाळी सूनबाईने दूध आटवायला ठेवले. ऋचा माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या गळ्यातली तुळशीची माळ मागितली. तिने जे सांगितले ते मला कळले तसे लिहितो.

"समजा ही माळ म्हणजे प्रथिन. एकेक मणी एकेक अमिनो आम्ल. पेशीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, येतं आणि नेमक्या मण्यावर फॉस्फेटचं गंध लावतं. यालाच फॉस्फोरिलेशन म्हणतात. गंध लागलं की प्रथिनाचं वागणं बदलतं. कपाशीतलं हे प्रथिन मग पानांना बारीक तोंडं मिटायला सांगतं, अन् पाणी वाचतं."

मी म्हणालो, टिळा लागला की माणूसही निराळा वागू लागतो. हसली. आल्यापासून प्रथमच.

मग तिने दोन मणी चिमटीत धरले. जवळजवळ लागून, मध्ये जेमतेम एक मणी. हे दोन्ही सेरीन या एकाच अमिनो आम्लाचे; गंध दोघांवरही लागू शकते. "आता माळ तराजूत घातली. एका टिळ्याएवढी जड भरली. सांगा, टिळा कोणत्या मण्यावर?"

"तराजू ते कसे सांगेल?"

"हेच! सरांच्या जुन्या मोजणीत नुसता तराजू होता, आबा."

मणी ओळखावयाचा तर त्या दोन मण्यांच्या मध्येच दोरा तोडून दोन्ही तुकडे निरनिराळे तोलावे लागतात. पण दोरा हिसडा देऊन तोडू जावे तर तो तुटण्याआधी गंधाचीच खपली पडते. श्रीधरचे यंत्र हिसडा देणारे होते. त्या दोघांच्या मधोमध तुटलेला तुकडा त्याला कधी दिसलाच नाही. तरी निबंधात त्याने ठामपणे लिहिले: खूण दुसऱ्यावर.

ऋचाने हलक्या हाताने तोडण्याची रीत शिकून पुन्हा पाहिले. काही माळांत गंध एकट्या पहिल्यावर. काहींत दोघांवर. एकट्या दुसऱ्यावर कुठेच नाही. पहिल्याला गंध लागल्याखेरीज दुसऱ्याला लावणारे विकर तिथे बसतच नाही, असे तिचे म्हणणे. शिवाय दोन्ही खुणा असल्याखेरीज झाड पाणी धरीत नाही.

मला आपली दीपमाळ आठवली. गाभाऱ्यातल्या नंदादीपावरून पहिल्या दगडी हातावरची पणती लागते, पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. मध्ये काडी ओढायची नाही. पहिला मान गुरवाचा, दुसरा श्रीधरच्या घराचा. हे दोन हात इतके जवळ आहेत की पारावरून पाहणाऱ्याला एकच ज्योत दिसते.

ऋचाला हे सांगितले. म्हणाली, "अगदी हेच, आबा. अन् सर पारावर उभे राहून म्हणतात, दुसरीच पेटली आहे."

दूध उतू गेले. सूनबाई दोघांवर रागावली.

आश्विन व. ४, शुक्रवार.

ऋचाच्या फोनवर श्रीधर. ती गच्चीवर शेंगा पसरीत होती, हात मातीचे, म्हणून आवाज मोठा ठेवून बोलली. मी जिन्यात होतो. ऐकू आले ते ऐकले.

"अगं, दोघं शेजारी शेजारी तर आहेत. इतक्या जवळ जाऊन कोण बघतंय?"

ती म्हणाली, "मी पाहिलं, सर."

"पाहिलंस. छान. पण तू माझ्या निबंधाच्या विरुद्ध प्रबंध लिहिणार आणि मार्गदर्शक म्हणून सही मी करणार, हे कसं दिसेल? तूच विचार कर. घाई नाही. पौर्णिमेला येतोच आहे. आजोबांना नमस्कार सांग. मानपत्र सुरेख जमलंय म्हणे."

आवाजात राग नव्हता. रागाची मला शिसारी येत नाही. राग सरळ असतो. हा आवाज तुपात बुडवून काढलेला होता. या मुलाच्या जिभेवर शुद्ध उच्चार मी बसविले, ते तूप लावण्यासाठी नव्हे.

आश्विन व. ८, सोमवार.

गजाननराव पुन्हा. यंदा दीपमाळेवर विजेच्या माळा सोडणार. "तेलाच्या पणत्या वाऱ्यानं विझतात, गुरुजी. फोटो चांगला येत नाई. खालच्या दोन ठेवू तेलाच्या, कार्यक्रमापुरत्या. वरच्या लाइटच्या. दुरून कोनाले समजते?"

दुरून कोणाला समजते. जो तो हेच म्हणतो आहे.

संधी पाहून मी मण्यांची गोष्ट काढली. तिसरा चरण बदलावा लागेल म्हणालो. त्यांनी कान खाजवला. "येक मनी इकडचा का तिकडचा, पऱ्हाटीले काय मालूम?"

आतून ऋचा बाहेर आली. "काका, पऱ्हाटीलेच तं मालूम हाय. बाकी कोनालेच नाई."

गजाननराव मोठ्याने हसले. "पोरगी वकील व्हाले पाह्यजे होती, गुरुजी!" म्हणाले, चहा बशीत ओतून प्याले आणि गेले. जाताना दीपमाळेच्या चौथऱ्याशी पिंक टाकली. मी ओट्यावरून पाहिली. तांब्याभर पाणी ओतून आलो. डाग राहिलाच.

वसुबारस, शुक्रवार.

सूनबाईने गाय-वासराची पूजा केली. ऋचाने वासराच्या कपाळाला कुंकू लावले, गायीने ते तत्काळ चाटून टाकले. पुन्हा लावले, पुन्हा चाटले. "आबा, पेशीतही असंच चालतं. एक लावतो, एक पुसतो."

मग हळूच बोलली. श्रीधरच्या सांगण्यावरून तिने कपाशीत नुसता दुसरा मणी बदलला होता, जणू त्यावर गंध कायमचेच आहे. कुंड्यांना पाणी तोडले. बदललेली झाडे इतरांबरोबरच माना टाकून बसली. ते श्रीधरला दाखविले तर म्हणाला, माती बरी नसेल.

गावात तीन-चार जण त्याच्याकडे आतापासून बियाणे मागत आहेत. त्यांना कोण सांगणार?

नरकचतुर्दशी.

अभ्यंग झाले. अंग स्वच्छ. मन तेलकट.

कार्तिक शु. १, पाडवा, बुधवार.

आज मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, म्हणूनच लिहितो.

ओवाळणी झाल्यावर ऋचाने विचारले, "मी काय करू?" इतकेच. मी खाकरलो, आणि माझ्या तोंडून आले: "बाळ, सही होईपर्यंत गप्प राहा. पदवी पदरात पडू दे. सत्य कुठे पळून जाते?"

निरांजन तिच्या हातात होते. ते खाली ठेवले, वात नीट केली, आत गेली.

सत्य पळून जात नाही खरे. पण माझ्या तोंडातून ते आज निघून गेले, आणि जे उरले त्याची चव अजून जिभेवर आहे. श्रीधरची किळस मला दुरून आली होती. ही आतून येते. हिला तांब्याभर पाणी पुरणार नाही.

कार्तिक शु. ५, रविवार.

ऋचा जेवायला माझ्या पंक्तीला बसत नाही. 'मागून बसते' म्हणते. बोलण्यात वावगे काही नाही. पाणी तापले आहे, औषध घेतले का, एवढेच.

सकाळी देवळाच्या भोंग्यावर आरती लागली. सवयीने माझ्या तोंडून गेले, "दीर्घ ओढला! तिथे ऱ्हस्व आहे!"

सूनबाई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, भोंग्याले तुम्ही रोज सुधरवता. तो काई ऐकत नाई तरी. पोरगी ऐकते, तं तिले म्हनता गप्प राय."

भाकरी चांगली फुगली होती, खाववली नाही.

कार्तिक शु. ८, गुरुवार.

दिवसभर तिसऱ्या चरणाशी झुंज. तो काढून त्याच मात्रांत दुसरे काही बसवावे म्हणून बसलो. 'ज्याने दोहोंपैकी एकावर खूण पाहिली' असे खरे लिहावे तर स्तुती होत नाही. स्तुती करावी तर खरे राहत नाही. आणि चरण सरळ गाळावा तर श्लोक तीन पायांवर लंगडतो.

लंगडूच दे.

कार्तिकी एकादशी (भागवत), रविवार.

उपास. सुधारलेला कागद घेऊन गजाननरावांच्या दुकानी गेलो. तीन चरण, तिसऱ्याची जागा रिकामी.

त्यांनी टेबलाखालून फडक्यात गुंडाळलेले काही काढले. पितळेचा पत्रा. त्यावर माझा जुना श्लोक कोरलेला, चारही चरण, खाली माझे नाव. फोटो मलकापूरच्या कोरणाऱ्याकडे धाडला होता. त्याने पाहून तंतोतंत कोरले. अक्षर देखणे आहे. तेच दुखते.

"आता पितळेवर कोरलं, गुरुजी. पितळ खोडता येते का? अन् कोनाले संस्कृत येते इथं? तुम्ही आपलं वाचून द्या झोकात."

"मला येते," मी म्हणालो.

"तुम्हाले येते म्हनून तं तुम्हाले सांगितलं!"

हे ते निष्पाप मनाने म्हणाले. मी घरी आलो. भगर तशीच झाकून ठेवली.

वैकुंठ चतुर्दशी, मंगळवार.

ऋचाला विचारले, "उद्या देवळात येशील?"

"यावंच लागेल. सर आहेत."

"मी वाचावे की न वाचावे?"

"तुमचं तुम्ही ठरवा, आबा. मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही ठरवून दिलं होतं. मी देणार नाही."

तिचे बरोबर आहे. मला ते आवडले नाही, पण बरोबर आहे.

कार्तिक शु. १५, त्रिपुरी पौर्णिमा, बुधवार.

क्रमाने लिहितो.

दिवेलागणीला मंडप भरला. वरच्या हातांवर विजेच्या माळा आधीच लागलेल्या, निळ्या-जांभळ्या, डोळे मिचकावणाऱ्या. महादेवाच्या अंगणात बारशाचा थाट. खालच्या दोन हातांवर तेवढ्या तेलाच्या पणत्या. गुरवाने नंदादीपावरून पहिली लावली. श्रीधरची वाट पाहत सर्व ताटकळले. तो उशिरा आला. गाडीतून उतरताना अत्तराचा लोट. माझ्या पायांना हात लावला, ऋचाला 'काय गं, बरी आहेस ना' म्हणाला.

तो दीपमाळेशी जाईपर्यंत वाऱ्याची झुळूक आली आणि पहिली पणती विझली. गुरव पुन्हा गाभाऱ्याकडे धावला. छायाचित्र काढणारा ओरडला, "सर, अंधार होऊन राह्यला, लवकर!" गजाननरावांनी खिशातून सिगारेटचा लायटर काढून श्रीधरच्या हाती दिला. श्रीधरने क्षणभरही न थांबता दुसरी पणती लायटरने पेटविली. पहिली विझलेली, दुसरी जळती. टाळ्या. पारावरून सर्वांना एक ज्योत दिसली, नेहमी दिसते तशी.

दीपमाळेजवळ आम्ही मोजकेच होतो. ऋचाने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही. उपमा इतकी नेटकी जुळली की मला तिचाच संशय आला. देव इतके उघड बोलत नाही. परंतु लायटरचा वास खरा होता.

मला ध्वनिक्षेपकापुढे उभे केले. पितळेचा पत्रा हातात. पहिला चरण म्हटला. दुसरा म्हटला. थांबलो. आणि मराठीत म्हणालो: "पुढचा चरण मी मागे घेतो. तो मी ऐकीव माहितीवर रचला. जवळ जाऊन पाहणाऱ्याने मला सांगितले आहे की तसे नाही. ज्या दिव्याची मला खात्री नाही त्याची स्तुती मी करणार नाही." मग चौथा चरण म्हटला, कारण आशीर्वाद मागे घेण्याचा मला अधिकार नाही.

मला वाटले, झाले. आता विचारतील.

गजाननराव पुढे आले, माझ्या हातून ध्वनिक्षेपक घेतला. "गुरुजींचा घसा बसला हाय, पब्लिक! वय झालं. जोरदार टाळ्या!" टाळ्या खरोखरच जोरात पडल्या. लगेच डीजे सुरू झाला.

सबंध आयुष्यात जाहीरपणे एक कठीण गोष्ट बोललो, आणि ती घशाच्या खात्यावर जमा झाली. कोणी रागावले असते तर बरे वाटले असते. एक म्हातारी मला ज्येष्ठमध देऊन गेली!

निघताना श्रीधर जवळ आला. वाकला. फक्त मला ऐकू जाईल असे म्हणाला, "गुरुजी, घशाला जपा. आणि ऋचालाही सांगा, जप म्हणावं."

त्याला सर्व कळले होते. गावात त्या एकट्याला माझे संस्कृत आणि माझे मराठी दोन्ही कळले. माझाच विद्यार्थी.

कार्तिक व. १, गुरुवार.

ऋचा माझ्यावर प्रसन्न होईल असे मला वाटले होते. हेही लिहून ठेवतो, म्हणजे माझे मला दिसेल.

सकाळी चहा ठेवला आणि समोर बसली. "आबा, ते मला बोलायचं होतं. माझं काम आहे. पौर्णिमा झाल्यावर मी त्यांना सगळं नीट लिहून पाठवणार होते, मोजणीसकट. आता त्यांना वाटेल मी आजोबांना पुढे केलं."

"मग मी गप्प बसावयास हवे होते?"

"पाडव्याला मला गप्प राहा म्हणालात, पौर्णिमेला स्वतः बोललात. दोन्ही वेळा मला न विचारता." मग थोडी हसली, ते हसू मला रागापेक्षा जड गेले. "पण 'जवळ जाऊन पाहणाऱ्याने सांगितले' म्हणालात ना, ते बरं वाटलं. चहा घ्या, निवतो आहे."

दुपारी तिने श्रीधरला लिहिले आणि धाडण्यापूर्वी मला वाचून दाखविले. माझी संमती मागितली नाही; कानावर असावे म्हणून. त्यात कडू शब्द एकही नाही. जुन्या मोजणीपुरते, 'दोहोंपैकी एका मण्यावर. कोणत्या, ते ठरत नाही' असे प्रबंधात लिहीन. नव्या मोजणीत जे दिसले ते माझ्या प्रकरणात लिहीन. आपण दोघे मिळून निबंध सुधारू शकतो. न जमल्यास आपले नाव मी आदरानेच घेईन.

मी म्हणालो, "फार सौम्य आहे."

"जोरात हिसडा दिला की गंधच पडतं, आबा."

कार्तिक व. ४, संकष्टी, शनिवार.

मलकापूरला जाऊन तिला आगगाडीत बसवून आलो. वाटेत पिंपळगाव राजाजवळ रस्त्याकाठी पऱ्हाटी उभी. बायका वेचीत होत्या. तिने गाडी थांबवायला लावली, शेतात गेली आणि पानाची मागची बाजू उलटून पाहिली. वेचणारी एक म्हणाली, "काय पाह्यतं वं बाई, अळी हाय का?"

"नाई वं मावशी. तोंडं पाह्यतो."

"पानाले तोंड?" मग ती बाई इतकी हसली की ओटीतला कापूस सांडला.

"पानी कमी झालं का मिटते," ऋचा म्हणाली.

"आमचं नाई मिटत," दुसरी म्हणाली. सगळ्या पुन्हा हसल्या.

फलाटावर विचारले, "त्याने सही केली नाही तर?"

"मग दुसरा मार्गदर्शक शोधावा लागेल. वेळ जाईल."

"किती?"

"ठाऊक नाही." डब्याच्या दारातून वाकून म्हणाली, "आबा, भोंग्याला सुधारत जा. सोडू नका."

गाडी गेली. फलाटावर केळ्यांच्या साली आणि थुंकी. आज मात्र मी ते ओलांडून चालत आलो. तोंड धुवावेसे वाटले नाही.

कार्तिक व. १०, शुक्रवार.

श्रीधरचे उत्तर नाही. होय नाही, नाही नाही. ऋचा म्हणते, वाट पाहू. तोवर लिहीत आहे.

पितळेचा पत्रा सभामंडपात लावला. चारही चरण, खाली माझे नाव. काढा म्हटले तर गजाननराव म्हणतात, "भिंतीले छिद्रं पडतीन ना." म्हणून रोज पहाटेच्या पूजेनंतर उगाळलेले गंध बोटावर घेऊन जातो आणि तिसऱ्या चरणावर लेप देतो. नेमका तेवढ्यावर, शेजारच्या अक्षराला न लागू देता. चष्मा लावूनही कठीण जाते. ओळी फार जवळ कोरल्या आहेत.

पहिल्या दिवशी कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तो माझ्या लेपावर कोणी कुंकू वाहिलेले. मग हळद. मग एक फूल. गुरुजी गंध लावतात म्हणजे त्या ओळीत काही असणार! आज तेथे उदबत्ती होती. जी ओळ झाकावयास गेलो तीच गावाने पूज्य केली. या लोकांपुढे काय करावे? किळस येता येता हसू आले, आणि हसता हसता पुन्हा किळस.

गुरव रोज तो पत्रा चिंचेने घासून लख्ख करतो. ओळ पुन्हा चकाकते. मी पुन्हा गंध उगाळतो.

ऋचाला फोनवर सांगितले. ती खूप हसली. "आबा, तुम्ही लावता, तो पुसतो. चालू द्या. थांबलं की पेशी मेली समजायचं." मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "आज सरांनी माझा संदेश उघडलेला दिसतोय. वाचला असेल."

"उत्तर?"

"अजून नाही."

उद्या एकादशी. सहाण धुऊन, चंदनाचे खोड शेजारी ठेवून निजतो.

जो कोणी कधी ही पाने वाचील, त्याच्या घरचा पहिला दिवा न विझो, आणि विझलाच तर दुसऱ्याने त्याच्यासाठी थांबण्याची बुद्धी धरो. त्याला पारावरून उठून चार पावले जवळ जाण्याचे बळ लाभो. जवळून जे दिसेल ते सांगताना त्याचा घसा शाबूत राहो. श्रीधरलाही. सर्वांचे कल्याण असो.